बी.कॉम.च्या मुलांना आता नेमकं काय शिकवायचं? अकाउंट्सचं काम एआयकडे चाललंय

कीर्द_खतावणी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीत एका महाविद्यालयात अकाउंटन्सी शिकवते. प्रश्न लांबलचक आहे, पण इथं करसल्लागार, कंपनीत अकाउंट्स बघणारे बरेच जण आहेत म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितेय.

आमची मुलं पुढं कुठं जातात ते आधी सांगते. थोडी सी.ए.च्या वाटेला लागतात. काही बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षा देत राहतात. उरलेली बहुतेक ऑफिसात: सायझिंग, प्रोसेस हाऊस, सूत व्यापाऱ्यांच्या पेढ्या, पतसंस्था, करसल्लागारांची ऑफिसं. गावात अजून त्यांना दिवाणजीच म्हणतात. कितीतरी घरांत आई-वडील दोघंही यंत्रमागाच्या कामावर असतात, आणि मुलगी ऑफिसात बसून हिशेब बघायला लागली की ती त्या घराची पहिलीच पगारी नोकरी असते. म्हणून हा प्रश्न मला नुसता अभ्यासक्रमाचा वाटत नाही.

सुरुवात सगळ्यांची सारखी व्हायची. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येतं का, टायपिंग येतं का, मग बस, बिलं चढव. पगार बेताचा. पण वर्ष-दीड वर्ष बिलं चढवता चढवता पोरीला आपोआप कळायला लागायचं की कुठली पार्टी पैसे लांबवते, कुठल्या बिलावर कर वेगळा लागतो, मार्चअखेर काय काय अडतं. तिथून ती रिटर्नपर्यंत आणि पुढं ताळेबंदापर्यंत पोचायची.

आता ही पहिली पायरीच निघून चालली आहे. ओजेटीसाठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी, मुलं ठेवायला म्हणून मी यंदा ऑफिसं फिरले. एका ठिकाणी स्वच्छ सांगितलं, "मॅडम, बिलाचे फोटो टाकले की एन्ट्री होते. बँक स्टेटमेंटची पीडीएफ दिली की व्हाउचर तयार. एन्ट्रीला मुलं नकोत. तपासणारं माणूस असेल तर सांगा." तपासायला अनुभव लागतो, आणि तो अनुभव आजवर एन्ट्री करूनच मिळत होता. मग आता तो द्यायचा कुणी?

दुसरी अडचण वर्गातली. मुलं गृहपाठ चॅटजीपीटीवर करून आणतात. उत्तर बरोबर असतं, मांडणी माझ्यापेक्षा नीटस असते. फळ्यापाशी उभं केलं की घसारा कुठल्या बाजूला जातो ते सांगता येत नाही.

अभ्यासक्रम माझ्या हातात नाही. हातात आहेत ते कौशल्याचे पेपर, अंतर्गत गुण आणि नव्या धोरणात आलेलं चार क्रेडिटचं ओजेटी. एवढ्या जागेत काय बसवू? टॅली शिकवणं कमी करू का? हातानं कीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (त्याच नोंदी खातेवार), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची जुळणी) करून घेणं आता वेळेचा अपव्यय आहे का? नोकरी देणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगावं.

---

सांगलीचा_करसल्लागार

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातली फाइल बाजूला ठेवली. मी जीएसटी आणि आयकराचं काम करतो, व्हॅटच्या काळापासून. माझ्या ऑफिसात मुलंमुली येतात, शिकतात, मोठ्या ठिकाणी जातात. तुम्ही म्हणता तो प्रश्न माझ्या टेबलावरही आहे.

आधी काय बदललं ते नेमकं सांगतो, म्हणजे मुलांना घाबरवायचं किती आणि धीर द्यायचा किती ते ठरवता येईल.

दर महिन्याला ११ तारखेपर्यंत विक्रेते जीएसटीआर-१, म्हणजे आपल्या विक्रीचं विवरणपत्र, भरतात. १४ तारखेला पोर्टलवर २बी तयार होतं, म्हणजे आपल्या अशिलाला कुठल्या खरेदीवर किती क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) दिसतंय त्याची यादी. २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे कर भरण्याचं महिन्याचं विवरणपत्र, भरायचं. मधले सहा दिवस म्हणजे माझ्या ऑफिसची वारी. पूर्वी या सहा दिवसांत दोन मुलं एक्सेलमध्ये खरेदीवही आणि २बी समोरासमोर ठेवून ओळन् ओळ जुळवत. आता ते जुळवण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. एका बिलावर "०१२/२५-२६" आणि दुसरीकडे नुसतं "१२" असलं तरी ते एकच बिल आहे हे त्याला ओळखता येतं. एवढं काम खरंच गेलं आणि ते परत येणार नाही. ज्या मुलाची सगळी पुंजी झरझर एन्ट्री करण्याची आहे, त्याला आपण खोटा धीर देऊ नये.

पण जुळवून झाल्यावर जी यादी उरते ती बघा. चाळीस बिलं जुळत नाहीत असं धरू. एकात विक्रेत्यानं बिल टाकलंच नाही, त्याला फोन करायचा. एकात त्यानं आपल्या अशिलाऐवजी भलत्याच्याच नंबरवर टाकलंय. एकात माल परत गेलाय पण क्रेडिट नोट आलेली नाही. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम आली आहे. तिथं आलेलं बिल स्वीकारायचं, नाकारायचं की प्रलंबित ठेवायचं ते ठरवावं लागतं, आणि काहीच केलं नाही तर ते मान्य धरलं जातं. चुकीचं बिल नजरेतून सुटलं तर क्रेडिट घेतलं जातं, आणि पुढं नोटीस येते ती आपल्या अशिलाला. हा निर्णय घ्यायला मला माणूस लागतं. त्या माणसाला कायदा तोंडपाठ नसला तरी चालेल, पण हा आकडा कुठून आला हे विचारायची सवय हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एआयची चूक पूर्वीच्या चुकीसारखी दिसत नाही. नवखा मुलगा चुकायचा तेव्हा चूक दिसायची: रक्कम उलटी, तारीख गायब, तेरीज जुळत नाही. यंत्राचं काम नेहमी नेटकं दिसतं. तेरीज जुळलेली असते, नोंद सुरेख असते आणि आत क्रेडिट घेतलेलं असतं हॉटेलच्या जेवणाच्या बिलावर, जे कायद्यानं बहुतेक धंद्यांना मिळतच नाही. ट्रकभाड्याची नोंद साध्या खर्चासारखी झालेली असते, आणि रिव्हर्स चार्जचा कर (जो विक्रेत्याऐवजी घेणाऱ्यानं भरायचा असतो) भरायचा राहून जातो. मार्चचं बिल एप्रिलमध्ये आलं म्हणून एप्रिलच्या वर्षात टाकलेलं असतं.

तुमच्या गावालाच लागू असलेलं एक उदाहरण देतो. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले आणि कृत्रिम धाग्याचं सूत १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. आता समजा माल १८ तारखेला गेला, बिल २४ ला झालं, पैसे महिनाभरानं आले. कर कुठल्या दरानं? माल, बिल आणि पैसे या तीन गोष्टींपैकी दोन ज्या बाजूला पडतात, तो दर. इथं बिल आणि पैसे दोन्ही बदलानंतरचे, म्हणून ५ टक्के. त्याच व्यवहारात पैसे आगाऊ, १० सप्टेंबरलाच आले असते तर १२ टक्के. सॉफ्टवेअर काय करतं? बहुधा बिलाची तारीख बघतं आणि दर लावून मोकळं होतं. कारण पैसे कधी आले ते बँकेच्या कागदात आहे, माल कधी गेला ते ई-वे बिलात आहे, आणि तिन्ही कागद एकत्र ठेवून बघायचं कुणाच्या मनात आलं तरच ते दिसतं.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर: हातानं कीर्द, खतावणी, तेरीज करून घेणं सोडू नका. उलट पहिल्या वर्षी जास्त घ्या. पण का घेतोय ते मुलांना सांगा. नोकरीत हातानं लिहायचं नाहीये. एका व्यवहाराचा माग शेवटपर्यंत काढता यावा म्हणून ते आहे. ज्यानं स्वतः खतावणी केली आहे त्याला, ज्याचे पैसे आपण द्यायचे आहेत त्याच्याच खात्यात नावे शिल्लक दिसली की खटकतं. ज्यानं कधी केलीच नाही त्याला पडद्यावरचा आकडा म्हणजे आकडा.

टॅलीचा कोर्स मात्र आखडता घ्या. कुठली की दाबायची हे शिकवण्यात महिने घालवू नका, ते मूल माझ्याकडे येऊन आठवड्यात शिकतं. कलमांचे आकडे पाठ करून घेण्यातही अर्थ राहिलेला नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, आणि टीडीएसची जुनी १९४ ची सगळी मालिका नव्या कलमात गेली. ज्यांनी नंबर पाठ केले त्यांची पाटी कोरी झाली. टीडीएस का कापतात, कुणाचा कापतात आणि तो कुणाच्या खात्यात दिसतो हे ज्यांना कळलं होतं, त्यांना फक्त नवा नंबर शोधावा लागला.

आणि एआय वापरायला बंदी घालू नका. माझ्या ऑफिसात आम्ही नोटिशीच्या उत्तराचा पहिला खर्डा त्याच्याकडून करून घेतो. पण त्यातला प्रत्येक निकाल मूळ ठिकाणी जाऊन बघायचा हा नियम. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका कंपनीवरचा आयकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण त्यात ज्या निकालांचा आधार घेतला होता ते अस्तित्वातच नव्हते. आणि तो आदेश खुद्द आयकर खात्याचा होता. ही गोष्ट प्रत्येक वर्गात सांगावी असं मला वाटतं.

---

खराडी_एपी

वरच्या प्रतिसादाला पुण्यातून दुजोरा. मी एका परदेशी कंपनीच्या इथल्या केंद्रात अकाउंट्स पेएबल, म्हणजे विक्रेत्यांची देणी, बघते. नवीन मुलं घेताना मुलाखतीला मी बसते.

आमच्याकडे खरेदीची ऑर्डर, माल पोचल्याची नोंद आणि विक्रेत्याचं बिल हे तीन कागद जुळले की बिल आपोआप पुढं जातं, माणसाचा हात लागत नाही. नव्या मुलाच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून न जुळलेली बिलंच येतात. पूर्वी इथं पोचायला त्याला दीड-दोन वर्षं लागायची. म्हणजे मॅडम म्हणतात ते खरं आहे: सोपं काम गेलं, आणि अवघड काम कोवळ्या मुलाच्या अंगावर आलं. कंपन्यांनी प्रशिक्षण वाढवायला हवं, ते पुरेसं होत नाहीये, आणि याचं ओझं सगळं महाविद्यालयांवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. पण मुलांचं नुकसान तोवर थांबत नाही.

मुलाखतीत मी आता जर्नल एन्ट्री विचारत नाही. एक बिल समोर ठेवते आणि म्हणते, यात काय खटकतं ते बोल. काही मुलं गप्प बसतात, बरोबर उत्तर एकच असेल या भीतीनं. काही बोलायला लागतात: ताई, यातली डिलिव्हरीची तारीख बिलाच्या तारखेच्या नंतरची आहे, इथं नग आणि किलो यांची गल्लत झालीय. ती मुलं मी घेते, मग त्यांचं इंग्रजी अडखळत का असेना.

इंग्रजीचा विषय निघालाच आहे तर: लातूर, बार्शी, इचलकरंजीकडची मुलं इथंच मागं पडतात असं सगळे म्हणतात. आता ईमेलची भाषा एआय नीट करून देतं, त्यामुळे ती भिंत खरंच खाली आली आहे. उरतं ते कॉलवर बोलणं. समोरचा चिडलेला असताना "तुमचं बिल अमुक कारणानं थांबलंय, मला हा कागद पाठवा, मी गुरुवारपर्यंत कळवते" एवढं शांतपणे सांगता येणं. हे वर्गात जोड्या लावून, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत करून घेता येईल. यासाठी कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

---

बारामतीचा_पालक

मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे सगळं वाचून पोटात गोळा आला. त्याला सोडायला लावून कॉम्प्युटरकडे घालू का? नातेवाईक तेच सांगतायत.

---

सांगलीचा_करसल्लागार

दादा, घाई करू नका. कोड लिहिण्याचं सुरुवातीचं कामही एआय करू लागलंय, तिथंही नवख्यांना हीच अडचण आहे. त्याला हिशेबात रस आहे का ते आधी विचारा. असेल तर या उन्हाळ्यात ओळखीच्या एखाद्या दुकानात किंवा कारखान्यात बसवा, पगार मागू नका, फक्त एका महिन्याची सगळी बिलं आणि बँकेचं पान त्याला स्वतः जुळवू द्या. महिन्याच्या शेवटी त्याचा चेहरा बघून तुम्हालाच कळेल.

---

एमआयडीसी_अकाउंट्स

मी इचलकरंजीचीच, बी.कॉम. करून तीन-चार वर्षांपूर्वी कामाला लागले. आता कागल पंचतारांकितमधल्या एका फाउंड्रीत आहे. थोडं माझ्या बाजूचं सांगते.

मला माझ्या जागेवर कुणी टिकवून ठेवलं असेल तर ते गोडाऊननं. आमचे जुने अकाउंटंट मला सुरुवातीलाच म्हणाले, बिल चढवायच्या आधी खाली जा आणि माल बघून ये. कच्चं लोखंड, भंगार, कोळसा, वाळू हे डोळ्यांनी बघितलं. वजनकाट्याची पावती कशी असते, हमालीचे पैसे कोण कुणाला देतं, भंगारातली घट किती धरतात, हे कळलं. नंतर सिस्टिम आली, एन्ट्री आपोआप व्हायला लागली, माझ्याबरोबरच्या दोन मुलींचं काम कमी झालं आणि त्यांना पुढं ठेवलं नाही. ते बघून मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं, कारण त्या माझ्याइतक्याच हुशार होत्या. त्यांना खाली जायला कुणी सांगितलं नव्हतं, एवढाच फरक.

दुसरं, ४५ दिवसांच्या नियमाचं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं मुदतीत दिलं नाही आणि मार्चअखेरपर्यंतही राहिलं तर त्या वर्षी तो खर्च आयकरात धरत नाहीत, म्हणून मार्चमध्ये आमच्याकडे धावपळ असते. कुणाचे किती दिवस झाले ते सिस्टिम एका क्लिकवर देते. पण समोरचा उत्पादक आहे की नुसता व्यापारी, त्याची उद्यम नोंदणी कशाची आहे, करार लेखी आहे की नाही (नसेल तर मुदत १५ दिवसांवर येते), हे मी फोन करून विचारते, कागद मागवते. अनोळखी माणसाला फोन करून कागद मागायचा हे मला कॉलेजात कुणी शिकवलं असतं तर पहिलं वर्ष रडण्यात गेलं नसतं.

---

कीर्द_खतावणी

सगळ्यांचे आभार. तुमच्यापैकी कुणी "एआयचा एखादा सर्टिफिकेट कोर्स लावा" असं म्हणालं नाही, आणि मला रोज दोन-तीन कोर्सवाल्यांचे फोन येतात तेच विकायला.

माझ्या डोक्यात असं येतंय. कौशल्याच्या पेपरात एक बिलांचं पाकीट द्यायचं, खऱ्या कागदांवरून नावं झाकून तयार केलेलं. आधी मुलांनी हातानं नोंदी करायच्या. मग तेच कागद एआयला द्यायचे. मग दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायचा आणि प्रत्येक फरकाचं कारण माझ्यासमोर तोंडी सांगायचं. गुण त्या तोंडी भागाला. लिहून आणलेल्याला गुणच नाहीत, म्हणजे गृहपाठाची अडचणही मिटते.

अडतंय ते कागदांपाशी. पाठ्यपुस्तकातले व्यवहार फार गुळगुळीत असतात, आणि खरे कागद मला कुणी देत नाही. दुसरं, फुकटच्या चॅटबॉटवर खरी बिलं टाकणं बरोबर आहे का?

---

सांगलीचा_करसल्लागार

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. अशिलाचा पॅन, बँक खातं, कामगारांची नावं, पगार यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्येच झालाय, आणि कायदा नसता तरी हा विश्वासाचा भाग आहे. मुलांना हे पहिल्याच तासाला सांगा. नावं, नंबर, पत्ते बदलून नवे कागद छापायचे आणि तेच वापरायचे.

कागद मी देतो. माझ्याकडे अडलेल्या प्रकरणांचा मोठा साठा आहे. ओळख पटेल असं सगळं काढून, आकडे बदलून एक महिन्याचं पाकीट बनवतो. त्यात काय घालणार तेही सांगतो, फक्त मुलांना सांगू नका. तुमचं गाव सीमेजवळ आहे म्हणून दोन बिलं अशी ठेवतो की विक्रेत्याचा जीएसटी नंबर २९ नं सुरू होतो, म्हणजे कर्नाटकातला, आणि बिलावर मात्र सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात लागणारा कर, लावलाय. महाराष्ट्राचा २७ आणि कर्नाटकाचा २९ यांतला फरक मुलांच्या डोळ्यांना टोचला पाहिजे. एकाच नावाच्या दोन पेढ्या, नंबर वेगळे. हातानं लिहिलेलं एक मराठी बिल, ज्यातला १ आणि ९ यंत्राला हमखास फसवतो. एक बिल दोनदा, एकदा फोटो आणि एकदा पीडीएफ. सहा महिने उलटून गेले तरी पैसे न दिलेली एक खरेदी, कारण १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. जेवणाचं बिल आणि ट्रकभाडं तर आहेच. आणि बँकेच्या पानावर एक रक्कम, जिचा कागदच पाकिटात नाही. ती बघून मुलं काय करतात ते मला बघायचंय. एआय बहुतेक ती कुठल्यातरी खात्यात बसवून टाकेल. जो मुलगा उठून तुम्हाला विचारेल, "मॅडम, याचं बिल कुठंय?", त्याला माझ्याकडे पाठवा.

ओजेटीचंही बोलून टाकू. चार मुलं मी घेतो. सांगलीपर्यंत यायचं-जायचं भाडं ऑफिस देईल. एक अट आहे: रोज दोन तास येऊन सही करून जाणं नको. महिन्याच्या ११ ते २० तारखांना पूर्ण वेळ बसायचं, बाकीचे दिवस कॉलेज. पहिल्या महिन्यात त्यांनी फक्त फोन करायचे आणि कागद मागवायचे. दुसऱ्या महिन्यात न जुळलेल्या बिलांची यादी त्यांच्या हातात देईन, आणि प्रत्येक बिलापुढं काय केलं व का केलं ते एका ओळीत लिहून घेईन.

---

खराडी_एपी

मॅडम, पाकीट तयार झालं की मलाही पाठवा. आमच्याकडच्या न जुळणाऱ्या बिलांचे पाच-सहा नमुने मी त्यात घालून देते, डॉलर आणि युरोतले. आणि तोंडी परीक्षेला परीक्षक कमी पडत असतील तर एखाद्या शनिवारी मी ऑनलाइन बसेन.

---

कीर्द_खतावणी

दोघांनाही निरोप पाठवलाय. प्राचार्यांशी सोमवारी बोलते, तोंडी परीक्षेच्या गुणांना विभागाची मंजुरी लागेल. चार मुलांत दोन मुली आहेत. सांगलीहून परतायला शेवटची एसटी किती वाजता आहे ते आज स्टँडवर विचारून त्याप्रमाणे ऑफिसची वेळ कळवते.